विकून टाका म्हणायच्या आधी

अरे,

परवा फुटबॉलची मॅच संपल्यावर तू जे काही बोललास ते मी गप्प ऐकून घेतलं, कारण त्या वेळी तुझ्याशी बोलण्यात काही अर्थच नव्हता. हरल्यानंतरचा पहिला एक तास कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नसतं. विंगर (कडेने हल्ला करणारा) विका, डीएम (डिफेन्सच्या पुढे उभा राहणारा मिडफिल्डर) म्हातारा झालाय, कोचला घंटा काही कळत नाही, अकॅडमीतला तो पोरगा का नाही खेळवत... एका दमात तू अर्धी टीम विकलीस आणि पाऊण टीम नवीन घेतलीस. म्हणून आता सवडीने लिहितोय. तू वाद घालू नयेस म्हणून नाही हां, उलट जरा दमदार घालावास म्हणून.

मला विचारशील तर आधी एकच गोष्ट बघायची. जो खेळाडू डोळ्यात खुपतोय त्याला नेमकं काम काय दिलंय आणि त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे. गोल, रेटिंग, पगार हे सगळं त्यानंतर. नाहीतर होतं काय, की चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते आणि आपण मस्त टाळ्या वाजवतो.

इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा २०२०-२१ चा सीझन घे. आदल्या वर्षी ९९ पॉइंट्स काढून प्रीमियर लीग जिंकलेली टीम. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये गोमेझ, तो तर इंग्लंडच्या ट्रेनिंगमध्ये जखमी झाला. जानेवारी संपता संपता माटिप. तीन सिनियर सेंटर बॅक (डिफेन्सच्या मधोमध उभे राहणारे) होते, तिघंही घरी बसले. मग कोच क्लॉपने काय केलं, तर फाबिन्यो आणि हेंडरसन या दोघा मिडफिल्डरांना मागे खेचलं. कागदावर बरं दिसतं, दोघंही डोक्याने खेळणारे, आणि खरं सांगायचं तर फाबिन्यो सेंटर बॅकला वाईट अजिबात खेळला नाही. पण मागचा खड्डा बुजवायला माती मिडफिल्डमधून काढलीस तर तिथे दुसरा खड्डा पडणारच ना?

आता हे मैदानावर कसं दिसतं ते बघ. फाबिन्यो डिफेन्सच्या पुढे असायचा तेव्हा समोरच्यांनी लांब मारलेला बॉल डोक्याला लागून खाली पडला की बहुतेक वेळा त्याच्याच पायात यायचा, आणि तिथून लगेच पुढे. तो तिथे आहे या भरवशावर ट्रेंट आणि रॉबर्टसन हे दोन्ही कडांचे फुलबॅक बिनधास्त वर जायचे. तो मागे गेल्यावर तो सुटलेला बॉल समोरचे उचलायला लागले, फुलबॅक वर जाताना दोनदा विचार करायला लागले, मागची लाइन सावध होऊन चार पावलं खाली सरकली, आणि पुढचे तिघं, सालाह, माने आणि फिर्मिनो, प्रेस करायला (समोरच्यांकडून बॉल हिसकवायला) धावले की त्यांच्या पाठीमागे मोकळं रान. बॉल जिंकून सालाह-मानेपर्यंत पोचेपर्यंत समोरचे अकरा जण आपापल्या जागी येऊन उभे. मग माने पहिला टच जड मारतो, फिर्मिनो बॉल घालवतो, आणि कॅमेरा बरोबर त्यांच्याच तोंडावर जातो.

२१ जानेवारी २०२१ ला बर्नलीने घरच्या अॅनफिल्डवर १-० ने हरवलं आणि लीगमध्ये घरच्या ६८ मॅच न हरण्याची मालिका तुटली. त्यानंतर ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम. घरच्या मैदानावर लागोपाठ सहा पराभव. त्या दिवसांत कुणालाही विचार, उत्तर ठरलेलं. माने संपला, फिर्मिनो तर कधीच संपला, ट्रेंटला डिफेन्ड करता येत नाही. मीसुद्धा त्याच कळपात होतो, खोटं कशाला बोलू. मानेला आत्ताच विका, अजून एक वर्ष थांबलात तर कुणी फुकट पण घेणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत फिरत होतो.

मार्चमध्ये फाबिन्यो परत आपल्या जागी आला. सेंटर बॅकला कोण, तर नॅट फिलिप्स आणि लोनवर (दुसऱ्या क्लबकडून उसना) आणलेला कबाक, पुढे कबाकही जखमी झाल्यावर फिलिप्स आणि रीस विल्यम्स. म्हणजे नावं बघितली तर डिफेन्स आणखी कच्चा झाला होता. आणि शेवटच्या १० लीग मॅचमध्ये ८ जिंकल्या, २ ड्रॉ, ६९ पॉइंट्स, तिसरा नंबर, चॅम्पियन्स लीगचं तिकीट. त्यातली ती १६ मेची वेस्ट ब्रॉमची मॅच आठवते का तुला, तू लहान असशील. १-१, ९५ वं मिनिट, रिकामं स्टेडियम, कॉर्नरला आपला गोलकीपर अॅलिसन स्वतःचा गोल सोडून वर आला आणि ट्रेंटच्या बॉलवर असं हेडर मारलं की एखाद्या स्ट्रायकरने मारावं. क्लबच्या इतिहासात गोलकीपरने केलेला पहिला गोल. मी सोफ्यावरून खाली पडलो होतो.

आता कुणी तुला म्हणेल की त्या शेवटच्या दहा मॅचमध्ये तगड्या टीम फारशा नव्हत्या. मान्य कर, ते खरंच आहे. एकाच कारणाने सगळं झालं असं म्हणणारा माणूस आणि माने संपला म्हणणारा माणूस यांत फार फरक नाही. पण पुढच्या सीझनला सेंटर बॅक परत आले, मानेने लीगमध्ये १६ गोल केले, आणि माझं तोंड बंद झालं.

अकॅडमीतल्या पोराचं पण इथेच सांगून टाकतो. तो रीस विल्यम्स आदल्या वर्षी इंग्लंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये लोनवर खेळत होता, आणि त्या शेवटच्या पाच मॅचमध्ये त्याने कमाल केली, पण त्याच्या पुढे फाबिन्यो होता, शेजारी फिलिप्स सगळे हेडर घेत होता, मागे अॅलिसन. त्यानंतर तो एका लोनवरून दुसऱ्या लोनवर फिरत राहिला. म्हणून पोराला खेळवा म्हणताना पुढचं वाक्य पण पूर्ण करत जा, की त्याच्या आजूबाजूला कोण ठेवायचं.

दुसरं, टीव्हीवर आपल्याला मॅच दिसत नाही रे, बॉल दिसतो. बाकी वीस-एकवीस जण काय करतायत ते फ्रेमच्या बाहेर. १३ ऑगस्ट २०२२ ला सिटीने बोर्नमथला ४-० हरवलं त्या मॅचमध्ये सिटीच्या स्ट्रायकर हालांडचे टच किती होते माहितीये? ८. सत्तर-एक मिनिटं मैदानावर, आणि ८ टच. त्यातला एक गुंडोगनच्या गोलचा असिस्ट, म्हणजे गोलआधीचा पास. बॉलच्या हिशोबाने तो दिवसभर झोपला होता, पण दोन सेंटर बॅक त्याला सोडून एक पाऊल पुढे यायला तयार नव्हते, आणि त्यामुळे जी जागा झाली त्यात बाकीचे खेळत होते. त्या सीझनला त्याचे लीगमध्ये ३६ गोल झाले हे नंतरचं.

म्हणून एक सवय लाव, बोअर होईल पण लाव. प्रत्येक हाफमध्ये दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही. ज्याला तू शिव्या घालतोस त्याच्यावरच नजर ठेवायची, तो फ्रेममध्ये आहे तोपर्यंत. बॉल लांब असताना तो मान वळवून मागे बघतो का, बॉल गेला की पहिली तीन पावलं चालत टाकतो की धावत, पास मागायला अंगावरच्या डिफेंडरपासून सुटतो का त्याच्याच आड उभा राहून हात वर करतो. हे एकदा दिसायला लागलं की रेटिंगचे आकडे बघायची इच्छा निम्मी होते.

माझी स्वतःची सगळ्यात मोठी फजिती रॉबर्टसनची. २०१७ ला तो हल क्लबमधून ८ मिलियन पाउंडला लिव्हरपूलला आला, हल नुकतेच रेलिगेट होऊन खालच्या डिव्हिजनला गेलेले, आणि मी महिनोन्‌महिने म्हणत होतो की बुडलेल्या जहाजावरचा माणूस कशाला आणलाय. तेव्हा तो खेळतही नव्हता, म्हणजे मी न बघितलेल्या खेळाडूबद्दल ठाम मत देत होतो. डिसेंबरमध्ये लेफ्ट बॅकला खेळणारा मोरेनो जखमी झाला म्हणून त्याला जागा मिळाली. १४ जानेवारी २०१८ ला सिटीविरुद्ध त्या ४-३ वाल्या मॅचमध्ये हा लेफ्ट बॅक आपली जागा सोडून एकामागून एक सिटीच्या खेळाडूंच्या मागे लागला आणि धावत धावत पार त्यांच्या गोलकीपरपर्यंत गेला. बॉल काही मिळाला नाही त्याला, शेवटी फाउल झाला. आकड्यांत त्या धावण्याची नोंद काय, तर एक फाउल. पण अख्खं अॅनफिल्ड उभं राहिलं होतं.

म्हणजे आकडे फेकून दे असं म्हणत नाहीये मी. एक्सजी (मिळालेल्या संधींतून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज) बघ, जरूर बघ, पण तो काय मोजतो ते समजून घे. पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात, म्हणजे दोन पेनल्टी मिळाल्या की त्या मॅचचा आकडा फुगून दीडच्या वर जातो आणि बाकी नव्वद मिनिटं टीमने काहीच केलं नसलं तरी छान दिसतं. आणि तीन मॅचवरून स्ट्रायकरचं फिनिशिंग ठरवायचं नाही, तीस मॅचनंतर बोलू. ऑन्री १९९९ ला आर्सेनलमध्ये आला तेव्हा पहिल्या आठ मॅचमध्ये गोल नव्हता, आणि आज क्लबच्या यादीत २२८ गोलांसह तो सगळ्यात वर आहे. मॉड्रिच तर त्याहून भारी. रियल माद्रिदमध्ये आल्यावर चारच महिन्यांत, डिसेंबर २०१२ मध्ये, मार्का या स्पॅनिश क्रीडा-दैनिकाच्या वाचकांनी त्याला स्पॅनिश लीगमधलं सीझनचं सगळ्यात वाईट साइनिंग म्हणून निवडलं होतं. चाहत्यांनी मतं देऊन! २०१८ ला बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. अर्थात प्रत्येक फेल गेलेला खेळाडू मॉड्रिच नसतो, बहुतेक नसतातच, हे पण तुला सांगायला हवं नाहीतर तू उद्या प्रत्येकालाच वाचवायला निघशील.

आणि ते "विकून टाका". कुणाला विकायचा? समजा ५० मिलियनला घेतला, पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, तर क्लब दरवर्षी वहीत १० मिलियन खर्ची टाकतो. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते ३०. तू त्याला २० ला विकलास तर १० चा तोटा त्याच वर्षी अंगावर, आणि वर त्याच्या जागी नवा घ्यायचा तो वेगळा. शिवाय त्याला इथे जो पगार मिळतो तो द्यायला दुसरं कुणी तयार पाहिजे, आणि त्याची स्वतःची जायची इच्छा पाहिजे, हे तर आपण विसरतोच. प्रीमियर लीगमध्ये मोठ्या वयाच्या खेळाडूंची यादी २५ ची, त्यातही होमग्रोन (२१ च्या आधी तीन वर्षं इंग्लंड-वेल्सच्या क्लबमध्ये नोंदलेले, देश कुठलाही असो) नसलेले जास्तीत जास्त १७, २१ च्या आतली पोरं त्या यादीत धरत नाहीत. म्हणून एखादा साधासुधा, बेंचवरचा होमग्रोन खेळाडू चार-चार वर्षं टिकून का असतो याचं उत्तर कधी कधी त्याच्या खेळात नसतंच, त्या यादीत असतं.

एक गोष्ट मात्र मला परवा आवडली नाही. त्याने बॉल घालवला असं म्हण, दहा वेळा म्हण, पण तू त्याच्या आईवर गेलास. ते पुन्हा नको. बास, यावर जास्त लिहीत नाही, तुला कळतं.

शनिवारी मॅच आहे. लाइन-अप आली की किक-ऑफच्या आधी मला तुझी टीम पाठव, कोण बाहेर, त्याच्या जागी कोण, आणि त्यामुळे दुसरीकडे कुठे खड्डा पडेल तेही. मॅचनंतर बदलायची नाही. मी माझी पाठवतो. मग पहिल्या हाफची पहिली दहा मिनिटं तू तुझ्या त्या नावडत्या विंगरकडे बघ, मी डीएमकडे बघतो, तू म्हणतोस तसा म्हातारा झालाय का ते. हाफटाइमला फोन कर, पण चहा टाकून झाल्यावर.

तुझा,
काका