परदेशातून मूल दत्तक घेताय? आधाराची माणसे आधी जोडा

कागदपत्रांची प्रतीक्षा चालू असतानाच दत्तक पालकांच्या एखाद्या गटात जायला लागा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. कारण मूल घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नव्या ओळखी करून घेण्याचे त्राण सहसा कोणातच उरत नाही. त्या गटात मुलाच्या मूळ देशातून दत्तक घेतलेली कुटुंबे आहेत का आणि मोठी झालेली दत्तक मुले तिथे मोकळेपणाने बोलतात का, हे अवश्य पाहा. त्यांचे बोलणे आपल्याला कधी झोंबते, पण माझ्या मते तेच सर्वांत उपयोगी असते.

संस्थेत वाढलेले मूल पोट भरलेले असतानाही खाऊ उशीखाली लपवते किंवा अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर सहज जाऊन बसते, तेव्हा नातेवाईक कौतुकाने म्हणतात, "किती माणसाळलेले आहे!" अनुभवी पालक मात्र ओळखतात की आपले माणूस कोण, हे त्याला अजून उमगलेले नाही. म्हणून सुरुवातीला भरवणे, उचलणे, झोपवणे तुम्हीच करा आणि मदतीला येणाऱ्यांकडे स्वयंपाक, बाजारहाट सोपवा. थोडे रुसवेफुगवे होतील, ते होऊ द्या.

परदेशातून मूल दत्तक घेण्याविषयीच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारातील कलम 30 नुसार मुलाच्या जन्मदात्यांची आणि वैद्यकीय इतिहासाची उपलब्ध माहिती जपणे ही सदस्य देशांतील यंत्रणांची जबाबदारी आहे. तरीही मूळ भाषेतील प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि तो मजकूर नीट वाचून देणारा भाषेचा जाणकार बहुधा गटातच भेटतो.