बार्बाडोस: वाचक विचारतात

प्रश्न: बार्बाडोसला हॉटेलबाहेर पडून फिरायचं आहे. टॅक्सी महाग पडते म्हणतात. बसने जमेल का?

जमेल, आणि बेटावरची माणसं बघायची असतील तर बसच बरी. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. बसेस तीन तऱ्हेच्या: सरकारी निळी, खासगी पिवळी मिनीबस आणि मरून पट्ट्याची पांढरी व्हॅन. या व्हॅनच्या नंबरप्लेटची सुरुवात ‘झेडआर’ने होते, म्हणून सगळे तिला झेडआरच म्हणतात. भाडं अंतरावर ठरत नाही. कुठेही उतरा, 3.50 बार्बाडोस डॉलर. निळ्या बसचा ड्रायव्हर सुटे देत नाही, म्हणून नेमके पैसे आधीच मुठीत ठेवा. पिवळ्या बसमध्ये आणि झेडआरमध्ये सुटे मिळतात.

थांब्याच्या पाटीवर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे राजधानी ब्रिजटाऊन. वाहतूक डावीकडून चालते, तरीही नवखा माणूस हमखास उलट्या बाजूला उभा राहतो आणि समुद्रावर जायचं सोडून शहरात पोचतो. बस येताना दिसली की हात पुढे करा, नाहीतर ती थांबणार नाही. झेडआरमध्ये गाणी इतक्या मोठ्याने लावतात की उतरायचं असेल तेव्हा मोठ्याने ‘बस स्टॉप’ म्हणावं लागतं. गुडघे टेकायला जागा मिळेलच असं नाही. मोठी बॅग असेल तर निळी बस धरा.

दक्षिण किनाऱ्यासाठी 11 नंबरची झेडआर सोयीची, ती ऑइस्टिन्स गावावरून सिल्व्हर सँड्सच्या किनाऱ्याला जाते. पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या सरकारी बस प्रिन्सेस ॲलिस टर्मिनलवरून सुटतात. तिथून केन्सिंग्टन ओव्हल चालत गाठता येतं. 29 जून 2024 रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर.

प्रश्न: अमेरिकन डॉलर चालतात का? आणि आपले चार्जर?

चालतात. 1975पासून दोन बार्बाडोस डॉलरना एक अमेरिकन डॉलर हा दर बांधलेला आहे. किंमत सांगितली की ‘कुठले डॉलर?’ हे लगेच विचारा. न विचारणारा दुप्पट मोजून येतो. दुकानातून सुटे बहुधा स्थानिक चलनातच मिळतात.

वीज 115 व्होल्टची, सॉकेट अमेरिकन चपट्या पिनांचं. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ‘100-240’ छापलेलं असेल तर फक्त ॲडॉप्टर पुरे. 230 व्होल्टची किटली मात्र नेऊ नका. व्होल्टेज निम्मं झालं की तिची ताकद चौथ्या हिश्शावर येते आणि पाणी कोमट व्हायलाही ताटकळावं लागतं.

प्रश्न: रस्त्याकडेची ती छोटी रंगीत लाकडी घरं दगडांच्या ढिगावर का उभी असतात?

त्यांना ‘चॅटल हाऊस’ म्हणतात. गुलामगिरी 1834 साली कायद्याने संपली आणि पुढची, जुन्या मालकाकडेच राबण्याची सक्तीची उमेदवारी 1838मध्ये सुटली. माणसं मोकळी झाली, जमीन मात्र उसाच्या मळेवाल्याचीच राहिली. घर मजुराचं आणि जागा मालकाची, असा मामला. मालकाशी बिनसलं की भिंती सुट्या करायच्या, गाडीवर चढवायच्या आणि दुसरीकडे उभ्या करायच्या. म्हणून पाया चुन्यात बांधलेला नाही, प्रवाळखडकाचे दगड नुसते रचलेले. त्यातून वारा खेळतो, लाकूड जमिनीला लागत नाही, आणि उतारावर एका बाजूला दोन दगड जास्त लावले की घर सपाटीत येतं.

समोरून पाहिलं तर मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. छप्पर उभ्या उताराचं आणि भिंतीबाहेर जवळजवळ न येणारं, कारण पुढे आलेल्या पत्र्याखाली वादळाचा वारा शिरला की तो छप्परच उचलतो. खरी गंमत बाजूने दिसते. पैसे जमतील तशी मागे एकेक खोली जोडलेली असते, त्यामुळे छपरांची नागमोडी रांग तयार होते. 1980च्या कायद्याने मळ्यांवरच्या भाडेकरूंना जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि मग मागून सिमेंटच्या विटांचं बांधकाम सुरू झालं. पुढे लाकूड आणि मागे काँक्रीट अशी घरं जागोजागी दिसतील. ही राहती घरं आहेत. फोटो काढण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा आणि विचारा. दुकानात शिरतानाही आधी तेच. थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

प्रश्न: शाकाहारी माणसाने काय खावं?

मॅकरोनी पाय (चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी; अंड्याचं विचारून घ्या), भाजलेला नीरफणस, तळलेली केळी, आणि रमशॉपमध्ये (गावातल्या छोट्या मद्याच्या दुकानात) ‘चीज कटर’, म्हणजे गोल पावात चीज. त्यावर मोहरी, हळद आणि जहाल मिरचीचा पिवळा सॉस मिळतो. पहिल्यांदा थेंबभरच घ्या. ‘राइस अँड पीज’ नावाला शाकाहारी, पण भातात बऱ्याचदा खारवलेलं मांस शिजवलेलं असतं. नोव्हेंबरमध्ये गेलात तर ‘काँकी’ सोडू नका: मक्याचं पीठ, नारळ, भोपळा, रताळं आणि मसाले केळीच्या पानात बांधून वाफवतात.

राष्ट्रीय पदार्थ ‘कुकू’ आणि उडता मासा. मासा बाजूला ठेवला तरी कुकू खाता येतो, आणि घरीही जमतो. चौघांसाठी दोन वाट्या बारीक मक्याचं पीठ दोन वाट्या गार पाण्यात भिजवा. आठ भेंड्या चिरून चार वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा आणि ते बुळबुळीत पाणी जपून ठेवा. पीठ मंद आचेवर ठेवून हे पाणी तीन-चार हप्त्यांत घालत घोटा, शेवटी भेंडी आणि मीठ. उकडीसारखं घट्ट होऊन कडा सोडू लागलं की झालं. लोणी लावलेल्या वाडग्यात दाबून ताटात उपडं करा. गुठळ्या होतात त्या कोरडं पीठ गरम पाण्यात टाकल्याने: वरचा थर लगेच चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं.

प्रश्न: किनाऱ्यावरच्या काही झाडांना लाल पट्टा का असतो?

ते मॅन्चिनील. पानं तुकतुकीत, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, चीक दुधाळ आणि विषारी. फळ तोंडात घालू नये, आणि पावसात त्याखाली उभं तर मुळीच राहू नये. पानांवरून ओघळणारं पाणी अंगावर फोड आणतं. चीक लागला तर लगेच साबणाने धुवा, डोळे चोळू नका. डोळ्यात गेला तर पाण्याने भरपूर धुऊन डॉक्टर गाठा. पट्टा किंवा पाटी प्रत्येक झाडावर असते असं नाही, म्हणून पान ओळखायला शिकलेलं बरं. झाडं तोडत नाहीत, कारण त्यांची मुळं वाळू धरून ठेवतात.

पोहायला पश्चिम किनारा शांत. पूर्वेला बाथशेबाला थेट अटलांटिक आदळतो आणि पाण्याखालची ओढ जबर असते. तिथे खडक बघा, पाय भिजवा, पोहू नका.

प्रश्न: मुलं रस्त्यावर लाकडी फळीने कसला खेळ खेळतात?

रोड टेनिस, बेटाचा स्वतःचा खेळ. डांबरावर सुमारे 20 बाय 10 फुटांचं मैदान आखायचं, मध्ये 8 इंच उंच फळी जाळी म्हणून आडवी ठेवायची, आणि लव काढलेला टेनिसचा चेंडू. गेम 21 गुणांचा. चेंडू गुडघ्याखालीच राहतो, त्यामुळे कंबर वाकवूनच खेळावं लागतं. बघत उभे राहिलात तर कुणीतरी खेळायची फळी पुढे करतं.

प्रश्न: कपड्यांचं काही बंधन?

समुद्रावरचे कपडे समुद्रावरच, गावात अंगभर घाला. लष्करी छपाईचे कपडे मात्र नागरिकांना कायद्याने बंद आहेत. टोपी, बॅग आणि लहान मुलांची चड्डीसुद्धा त्यात येते, म्हणून बॅग भरतानाच पाहून घ्या.