साईट बनवली, पण गुगलला सापडेना!

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी एकाच दुखण्याचे आहेत, साईट आहे पण सर्चमध्ये नाही. त्यातले चार घेतोय.

प्रश्न: सर, जुन्या सायकली घरच्या घरी कशा दुरुस्त करायच्या यावर मी लिहितो. दोन महिन्यांपूर्वी स्वतःची वेबसाईट केली, तीसेक लेख टाकले. पण गुगलवर साईटचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी येत नाही. साईट तर चालू आहे, मग मी सर्च मारल्यावर गुगलला ती दिसत कशी नाही?

उत्तर: घोळ तुमच्या प्रश्नातच आहे, रागावू नका, बहुतेकांना असंच वाटतं. तुम्ही सर्च मारता तेव्हा गुगल इंटरनेट धुंडाळायला निघत नाही, डोळ्याचं पातं लवतंय तोवर एवढं कोण फिरून येणार? ते फिरणं आधीच झालेलं असतं, पानं गोळा करून त्यांची एक भलीमोठी सूची तयार असते, तिला इंडेक्स म्हणतात, आणि तुमचा सर्च फक्त त्या सूचीत बघितला जातो. तेव्हा साईट इंटरनेटवर असणं वेगळं आणि इंडेक्समध्ये असणं वेगळं.

फिरायचं काम क्रॉलर नावाचा प्रोग्राम करतो, गुगलचा जो आहे त्याला गुगलबॉट म्हणतात. एका पानावर गेला की तिथल्या लिंका टिपायच्या, मग त्या लिंकांवर जायचं, तिथल्या लिंका टिपायच्या, हेच रात्रंदिवस. आता तुमच्या साईटकडे बोट दाखवणारी एकही लिंक जगात नसेल तर तो बिचारा येणार कुठून? म्हणून सर्च कन्सोल या साईटवाल्यांसाठीच्या गुगलच्या टूलमध्ये (फुकट आहे) साईट जोडायची आणि साईटमॅप द्यायचा. साईटमॅप म्हणजे काय तर तुमच्या पानांच्या पत्त्यांची यादी. यादी दिली म्हणजे सगळी पानं घेतलीच पाहिजेत असं गुगलवर बंधन नाही, पण पत्ता तरी कळतो.

त्याआधी एक चेक करा. सर्चच्या चौकटीत इंग्रजीत साईट हा शब्द लिहा, त्याला चिकटून कोलन आणि मधे स्पेस न सोडता तुमच्या वेबसाईटचा पत्ता. पानं दिसली तर तुम्ही इंडेक्समध्ये आहात, भानगड नंबरची आहे, म्हणजे यादीत फार खाली आहात. काहीच दिसलं नाही तर एकतर क्रॉलर आलेला नाही, किंवा आला आणि तुम्हीच त्याला दारातून परत पाठवलंय! हो, असं होतं. प्रत्येक साईटवर रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची छोटी फाईल ठेवता येते, क्रॉलरने कुठे जायचं नाही हे त्यात लिहितात, ही पद्धत 1994 पासूनची आहे. साईट अर्धवट असताना तिच्यात "डिसअलाऊ" आणि पुढे नुसती एक तिरकी रेघ टाकून ठेवतात, त्याचा अर्थ सगळंच बंद, आणि साईट सुरू झाल्यावर ती ओळ काढायची राहते. दुसरं म्हणजे पानाच्या कोडमध्ये नोइंडेक्स हा टॅग, म्हणजे "हे पान सूचीत घेऊ नको" अशी खूण. मी स्वतः एकदा सेटिंगमधली "सर्च इंजिनला येऊ देऊ नका" ही टिक काढायला विसरलो होतो आणि तीन आठवडे गुगलला शिव्या घालत बसलो होतो, त्यामुळे हसत नाही तुम्हाला. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा आणि नोइंडेक्स शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: माझा लेख दोन हजार शब्दांचा, त्यात मुख्य शब्द चाळीस वेळा घातलाय. तरी माझ्या वर एक फुटकळ पान येतं, जेमतेम चार परिच्छेदांचं. हा नंबर ठरवतं कोण?

उत्तर: चाळीस वेळा? वाचणाऱ्याची दया येऊ द्या हो.

इंडेक्स कसा असतो ते आधी बघू, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, शब्द आणि पुढे पान नंबर, तसंच. समजा कोणी "सायकल चेन कुरकुर" असं टाकलं. "सायकल" या शब्दापुढे लाखो पानांचे नंबर, "चेन"पुढेही भरपूर, "कुरकुर"पुढे त्या मानाने थोडे. तिन्ही याद्यांत कॉमन असलेली पानं काढली की गर्दी एकदम कमी होते. यात वजन जास्त कशाला? "कुरकुर"ला, कारण तो कमी ठिकाणी सापडतो. जो शब्द सगळीकडे आहे तो काहीच सांगत नाही, ही कल्पना कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी 1972 साली मांडली, तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं! आणि शब्द पुन्हा पुन्हा आल्याचा फायदा पहिल्या काही वेळांनंतर जवळपास थांबतो. त्यापुढे तुम्ही फक्त स्पॅमर दिसता.

आता शब्द जुळणारी हजार पानं निघाली तर पहिलं कुठलं? सुरुवातीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचेच शब्द बघायची, आणि लोक पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात शब्द कोंबून त्यांना फसवायचे. 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी, म्हणजे गुगल काढणाऱ्या दोघांनी, शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्यांच्याकडे साधारण 2 कोटी 40 लाख पानं होती. त्यांचं म्हणणं असं की पान स्वतःबद्दल काय सांगतं ते राहू द्या, बाकीची पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते बघा. यालाच पेजरँक म्हणतात. गंमत अशी की सगळी बोटं सारखी नाहीत. वजनदार पानाने चारच लिंका दिल्या असतील तर प्रत्येकीला त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा, चारशे दिल्या तर चुरा. आणि त्या वजनदार पानाचं वजन कुठून आलं, तर त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांमधून, म्हणजे हिशोब गोल गोल फिरतो, तो आकडे स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा करतात.

तुमच्या वरचं ते चार परिच्छेदांचं पान कदाचित असंच दहा चांगल्या ठिकाणांहून जोडलेलं असेल. किंवा त्याच्या टायटलमध्येच नेमका प्रश्न असेल आणि पहिल्या दोन ओळींत उत्तर. दुसरे लोक लिंक देताना कुठले शब्द वापरतात तेही बघितलं जातं, त्यामुळे "इथे क्लिक करा" अशी लिंक कोणाच्याच फार कामाची नाही. आता पेजरँक हा अनेक गोष्टींपैकी एक उरलाय, 2019 पासून वाक्याचा अर्थ लावायला बर्ट नावाचं भाषेचं मॉडेलही वापरतात, आणि कशाला नेमकं किती वजन हे गुगल सांगत नाही. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सगळे तेवढंच करतील.

प्रश्न: एक जण फोन करून सांगतो की पहिल्या पानावर आणायची गॅरंटी, पाचशे लिंका आणि कीवर्ड टॅग भरून देतो. पैसे देऊ का? की सरळ गुगलला जाहिरात द्यावी म्हणजे नंबर वर जाईल?

उत्तर: नका देऊ. गॅरंटी खुद्द गुगलसुद्धा देत नाही. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी, रँकिंगला वापरत नाही हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलंय, म्हणजे हा माणूस तुम्हाला शिळा माल विकतोय. विकतच्या लिंकांबद्दल तर 2012 मध्ये पेंग्विन नावाचा अपडेट आला आणि असल्या लिंकांवर उभ्या असलेल्या कितीतरी साईट एका रात्रीत खाली गेल्या. जाहिरात द्यायची तर खुशाल द्या, ती वर "प्रायोजित" असं लिहून वेगळी दिसेल, पण खालच्या फुकटच्या नंबरवर तिचा परिणाम नाही.

प्रश्न: मी एक पान सहा महिन्यांपूर्वी चुकून टाकलं होतं. ते सर्चमध्ये येऊ नये म्हणून रोबोट्स फाईलमध्ये बंद केलं, तरी त्याचा पत्ता अजून दिसतो, खाली लिहिलेलं असतं की माहिती उपलब्ध नाही. असं का?

उत्तर: कारण तुम्ही चुकीचं कुलूप लावलंत. रोबोट्स फाईल सांगते "आत येऊन वाचू नको", ती "सूचीतून काढ" असं सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या पानावर त्याची लिंक असेल तर गुगलला पत्ता माहीतच असतो, तो नुसता पत्ता दाखवत राहतो. आणि आता तुम्ही त्या पानावर नोइंडेक्स टॅग टाकलात तरी उपयोग नाही, तो वाचायला क्रॉलरला आत यावं लागेल आणि दार तुम्हीच लावलंय! म्हणून आधी रोबोट्समधली ती ओळ काढा, मग नोइंडेक्स टाका किंवा पानच डिलीट करा, आणि क्रॉलर पुन्हा येईपर्यंत थांबा. घाई असेल तर सर्च कन्सोलमध्ये रिमूव्हलची सोय आहे, पण ती साधारण सहा महिनेच टिकते, तेवढ्यात टॅगचं काम करून ठेवा.