व्हायब्रेशन प्लेटवरून उतरल्यावर पाय सैल का वाटतात?

तुमचे प्रश्न दोन: व्हायब्रेशन प्लेटवरून, म्हणजे ज्यावर उभं राहून व्यायाम करतात त्या थरथरणाऱ्या मशिनवरून, उतरल्यावर पाय परक्याचे असल्यासारखे का वाटतात, आणि गुडघे वाकवायला का सांगतात?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिकत असताना या प्लेटवरच्या एका प्रयोगातला उंदीर मीच झाले होते. गुडघ्यामागच्या खळगीत एक इलेक्ट्रोड, पोटरीवर दोन. नसेला हलका विजेचा झटका दिला की संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येतो आणि सुमारे 30 मिलिसेकंदांत पोटरी उडते. पडद्यावर छोटा उंचवटा दिसतो, तो एच-रिफ्लेक्स. प्लेटवर मिनिटभर उभी राहिले तेव्हा पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती, पण उतरल्यावर घेतलेला उंचवटा अगदीच खुजा! काही मिनिटांनी तो पूर्ववत झाला.

स्नायू कामाला लागलेला आणि त्याची प्रतिक्षिप्त क्रिया मात्र मंदावलेली, असं एकाच वेळी होतं. कंपाने स्नायू सेकंदाला 30-40 वेळा किंचित ताणला जातो. त्यातले ताण ओळखणारे संवेदक, म्हणजे मसल स्पिंडल, दरवेळी वर्दी देतात. त्यातून स्नायू आखडत राहतो. पण वर्दीचा असा भडिमार झाला की मज्जारज्जू आत येणारे संदेश उंबरठ्यावरच दाबून टाकतो. तुम्हाला जाणवणाऱ्या सैलपणामागे याचाही हात असावा.

आता उभं राहण्याबद्दल. मशिन बंद असतानाही, झोपलेल्यापेक्षा उभ्या माणसात पोटरीचा हा रिफ्लेक्स लहान असतो. आम्ही आधीचं मोजमाप पालथं झोपवून आणि नंतरचं उभं करून घेतलं होतं. सरांनी ते सगळे आकडे फेकायला लावले. बरोबरच होतं, घट कंपामुळे झाली की उभं राहिल्यामुळे, हे कळणार कसं? मग दोन्ही वेळा उभं राहूनच घेतले. वर सांगितलेला खुजा उंचवटा तेव्हाचा.

गुडघे ताठ ठेवले की पाय म्हणजे सरळ दांडा. कंप थेट कवटीपर्यंत जातो. वाकवले की मांड्या आणि पोटऱ्या तो बराचसा शोषतात. 30 हर्ट्झ आणि मध्यापासून 2 मिलिमीटर हालचाल एवढ्यावरही प्लेटचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सात पटींवर जातो, त्यामुळे हे मला किरकोळ वाटत नाही. गरोदरपणात, पेसमेकर असताना किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढूच नका.

उतरल्यावर लगेच उड्या किंवा जिना नको, दोन-तीन मिनिटं थांबा. आणि प्लेटवर असताना दात वाजायला किंवा समोरचं अंधुक दिसायला लागलं, तर आधी गुडघे बघा, नकळत ताठ झालेले असतात.