तीन जागा, एक प्रवेश : अभियांत्रिकी प्रवेशाबाबत वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलीपुढे अभियांत्रिकीच्या तीन जागा आहेत. कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात इलेक्ट्रिकल शाखा मिळाली आहे. पसंतीक्रमात ती पाचवी होती. पुण्याजवळच्या एका स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठात कॉम्प्युटरची जागा आम्ही सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या निकालाआधीच पैसे भरून धरून ठेवली आहे. सोलापूरचे एक खासगी महाविद्यालय संस्थास्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागांतून कॉम्प्युटर देण्यास तयार आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गातील असून घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. नातेवाईक म्हणतात, “आजच्या काळात कॉम्प्युटर सोडून इलेक्ट्रिकल कोण घेतं?” मुलगी स्वतः ठामपणे काहीच सांगत नाही. आम्ही काय करावे?
– एक आई, बार्शी

उत्तर : या तीन जागा वरवर सारख्या दिसत असल्या, तरी पैशांच्या बाबतीत त्यांचे नियम एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत, आणि पुष्कळ घरांत हे प्रवेश पक्का झाल्यावरच लक्षात येते. म्हणून शाखेच्या वादाआधी तेवढे पाहून घेऊ. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती लागू नाही, आणि अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे तर या योजनेत येतच नाहीत.

याचा अर्थ असा, की सांगलीला आपला मुख्य खर्च वसतिगृह, खाणावळ, पुस्तके आणि महाविद्यालयाची किरकोळ शुल्के एवढाच राहील. सोलापूरला घर जवळ पडेल, परंतु चारही वर्षांचे शिक्षण शुल्क पदरचे भरावे लागेल. पुण्याजवळच्या विद्यापीठात शुल्कही पूर्ण आणि राहण्याचा खर्चही पुण्याचा. पहिल्या वर्षाच्या पावतीवरून तुलना करू नका. चार वर्षांची बेरीज एका कागदावर मांडा, विद्यापीठाचे शुल्क दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार आहे ते लेखी विचारा आणि तो कागद मुलीलाही दाखवा. शिक्षणासाठी कर्ज काढावे लागणार असेल, तर ते पुढे बहुधा तिच्याच पगारातून फिटणार आहे. तेव्हा हा आकडा तिच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

सवलतीसाठी कागदपत्रे मात्र वेळेत हवीत. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र ही सारी जुळवून महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज करावा लागतो. येथे एक गोंधळ नेहमी होतो. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, शुल्कमाफीसाठी मात्र कुटुंबाचे एकूण उत्पन्न पाहतात. म्हणून हातात नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आहे म्हणजे माफी मिळणारच, असे समजू नका.

आता शाखेविषयी. नातेवाइकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण कॉम्प्युटरच्या पदवीधरांना सुरुवातीच्या नोकऱ्या अधिक ठिकाणी उपलब्ध असतात. पण आपल्यापुढची निवड ‘कॉम्प्युटर की इलेक्ट्रिकल’ एवढी सरळ नाही. १९४७ साली सुरू झालेले, अनुदानित आणि २००७ पासून स्वायत्त असलेले महाविद्यालय एका बाजूला आहे, आणि केवळ शाखेच्या नावावर जिची भिस्त आहे अशी महागडी जागा दुसऱ्या बाजूला. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला महावितरण, महापारेषण, पॉवर ग्रिड, एनटीपीसी यांसारख्या कंपन्यांचा मार्ग खुला असतो, गेट परीक्षेतून एम.टेक.कडे जाता येते, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी अनेक कंपन्या या शाखेच्या मुलांनाही मुलाखतीला बसू देतात. शिवाय एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमांनुसार मूळ पदवीबरोबर १८ ते २० जादा श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करून दुसऱ्या विषयात ‘मायनर’ पदवी घेता येते. सांगलीला इलेक्ट्रिकलच्या मुलांसाठी संगणकाशी संबंधित कोणते मायनर उपलब्ध आहे आणि त्याच्या जागा कशा भरतात, हे विभागप्रमुखांना भेटून विचारावे.

मुलगी काही सांगत नाही, याचे कारण बहुधा असे, की दोन्ही शाखांत प्रत्यक्ष काय शिकवतात हे तिला कुणी दाखवलेले नाही. दोन्हींच्या दुसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम संकेतस्थळावर असतात. तेथे ‘इलेक्ट्रिकल मशिन्स’ आणि ‘डेटा स्ट्रक्चर्स’ या विषयांचे घटक तिला शांतपणे वाचू द्या. बारावीच्या भौतिकशास्त्रात विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि प्रत्यावर्ती विद्युतधारा ही प्रकरणे तिने आवडीने सोडवली, की गुणांपुरती पाठ केली, हे तिला विचारा. त्याच आठवड्यात तिला पायथॉन या संगणकभाषेतील चार-पाच छोटी उदाहरणे स्वतः सोडवायला द्या. दोहोंपैकी कशात ती उत्तर चुकल्यावरही पुन्हा बसते, ते पाहा. ‘तुला काय व्हायचं आहे?’ या प्रश्नापेक्षा यातून अधिक हाती लागेल.

माझे मत विचाराल, तर सांगलीची जागा सोडू नये. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी जागा मिळाली असती, तर २०२५-२६ पासूनच्या नियमाप्रमाणे ती आपोआप पक्की झाली असती. आपली पसंती पाचवी असल्याने जागा स्वीकारून तिसऱ्या फेरीसाठी बेटरमेंटचा, म्हणजे अधिक चांगल्या जागेसाठी प्रयत्न करण्याचा, पर्याय मोकळा आहे. मात्र तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी कोणतीही जागा मिळाली, की ती घ्यावीच लागते आणि सांगलीची जागा हातची जाते. म्हणून सांगलीपेक्षा खरोखर हव्या असलेल्या जागाच पसंतीक्रमात भराव्यात. ‘बघू तरी काय मिळतं’ म्हणून एकाही महाविद्यालय-शाखेचा संकेतांक टाकू नये. तशा जागा उरलेल्या नसतील, तर आहे ती जागा फ्रीझ, म्हणजे पक्की, करून मोकळे व्हावे. आणि मुलगी इतक्या लांब कशी राहील, ही काळजी पत्रात लिहिलेली नसली तरी असणारच. बार्शीहून कुर्डुवाडी, पंढरपूरमार्गे मिरजेला रेल्वे जाते आणि तेथून सांगली अगदी जवळ आहे.

प्रश्न : मला पुण्याच्या सीओईपीमध्ये (पूर्वीचे कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, पुणे) सिव्हिल मिळेल, असा अंदाज आहे, पुण्यातीलच एका जुन्या खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर मिळू शकते. मी नववीपासून प्रोग्रॅमिंग करतो आणि आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी हिशेबाचे छोटे अॅपही तयार केले आहे. वडील म्हणतात, सीओईपीचे नाव आयुष्यभर पुरते. पसंतीक्रम कसा लावू?
– एक विद्यार्थी, संगमनेर

उत्तर : सीओईपीबद्दल वडिलांना वाटणारा आदर समजण्यासारखा आहे. १८५४ पासून चालत आलेली ही संस्था, जिच्या माजी विद्यार्थ्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आहेत आणि जी २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली आहे, तिच्या नावाला वजन आहेच. पण सिव्हिल ही मातीची, काँक्रीटची, पाण्याची आणि बांधकामाच्या जागेवरच्या उन्हाची शाखा आहे. ज्याला तिची ओढ आहे त्याने ती जरूर घ्यावी. नुसत्या नावासाठी घेणाऱ्याची दुसऱ्या वर्षापासून फरपट होते. दूध संस्थेचा हिशेब ज्याने स्वतःहून अॅपवर बसवला, त्याचा कल पुरेसा स्पष्ट आहे. तुम्ही कॉम्प्युटर वर ठेवा. बार्शीच्या भगिनींना मी वेगळा सल्ला दिला, कारण त्यांच्या मुलीचा कल अद्याप ठरलेला नाही आणि तेथे खर्चातील तफावत फार मोठी आहे.

मात्र ते खासगी महाविद्यालय पारखून घ्या. एआयसीटीईने २०२४-२५ पासून प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा काढल्यावर अनेक ठिकाणी कॉम्प्युटर आणि तत्सम शाखांच्या तुकड्या झपाट्याने वाढल्या आहेत. तुकड्या वाढल्या तरी शिक्षक त्याच वेगाने वाढतात असे नाही. परिषदेचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. समजा एका विभागात साठच्या चार तुकड्या आहेत. पहिले वर्ष बाजूला ठेवले, तरी उरलेल्या तीन वर्षांचे ७२० विद्यार्थी होतात आणि त्यांच्यासाठी ३६ शिक्षक लागतात. महाविद्यालयाने संकेतस्थळावर सक्तीने द्यायच्या माहितीत शिक्षकांची यादी असते. ती उघडून त्या विभागाची नावे मोजा, आणि रुजू झाल्याच्या तारखाही पाहा. निम्मे शिक्षक गेल्या वर्षभरात आलेले असतील, तर सावध राहा. एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, मानांकन संपूर्ण संस्थेला नसून एकेका अभ्यासक्रमाला मिळते, म्हणून ते कॉम्प्युटरलाच आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, हेही तपासा.

प्लेसमेंटच्या फलकावरील सर्वांत मोठ्या पगाराकडे पाहू नका. तो एकाच मुलाचा असतो. त्या शाखेतील किती विद्यार्थी मुलाखतीस पात्र होते, त्यांपैकी किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि पगारांच्या क्रमवारीत बरोबर मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे तीन आकडे मागा. एकाच विद्यार्थ्याला मिळालेल्या तीन नोकऱ्या तीन वेळा मोजण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. कार्यालयात हे आकडे मिळाले नाहीत, तर महाविद्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची मुले भेटतात, आणि ती सहसा खरे सांगतात.

प्रश्न : मुलाला कॅपमध्ये अधिक चांगले महाविद्यालय मिळाले आहे, परंतु आधी जेथे प्रवेश घेतला ते महाविद्यालय भरलेले शुल्क आणि मूळ प्रमाणपत्रे परत करण्यास टाळाटाळ करीत आहे. आमच्या हाती काही उपाय आहे का?
– एक पालक, चंद्रपूर

उत्तर : आहे. एआयसीटीईच्या मान्यतेच्या नियमांप्रमाणे, परिषदेने त्या वर्षासाठी जाहीर केलेल्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीची संपूर्ण रक्कम परत करणे संस्थेवर बंधनकारक आहे, आणि विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून ऑनलाइन करावा लागतो. नुसते तोंडी सांगून प्रवेश रद्द होत नाही. अर्जाची सही-शिक्क्याची पोच घ्या, तीच मागणी ई-मेलनेही पाठवा आणि दिलेली तारीख उलटण्याच्या आत हे पूर्ण करा. तरीही दाद मिळाली नाही, तर पावती व पोच जोडून तंत्रशिक्षण विभागाच्या नागपूर येथील सहसंचालक कार्यालयात आणि एआयसीटीईच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवा. नव्या महाविद्यालयाला मूळ कागद मिळण्यास उशीर होत आहे, हे त्यांच्या प्रवेश कक्षालाही आधीच लेखी कळवून ठेवा, म्हणजे तेथील हजर होण्याची मुदत चुकणार नाही.