१६ वर्षांनी दात दाखवायला गेले, त्याआधी एक मेसेज लिहिला

तुम्ही लिहिलंय की ११ वर्षं दाताच्या डॉक्टरकडे गेलेला नाहीत, खालची दाढ अर्धी तुटली आहे, तोंडाला वास येतो म्हणून माणसांशी लांबून बोलता, आणि डॉक्टर काय म्हणतील या विचारानेच पोटात गोळा येतो. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

माझी १६ वर्षं गेली होती, २००६ ते २०२२. साताऱ्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. वर्गात दातांचे प्रकार फळ्यावर काढून दाखवायचे आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना घास उजव्या बाजूला जाऊ द्यायचा नाही, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. फोटोत ओठ मिटून हसायची सवय लागली होती. त्यामुळे तुमचं ते ‘लांबून बोलतो’ मला फार आतून कळलं.

तुम्हाला आधी एकच विचारते. भीती नेमकी कशाची वाटते? दाताच्या डॉक्टरची भीती असं आपण म्हणतो खरं, पण माझ्या त्या गाठोड्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या सुट्या केल्या तेव्हाच मला पाऊल टाकता आलं.

पहिली गोष्ट १९८९ सालची. मी ११ वर्षांची होते. खालची उजवी दाढ किडून गाल सुजला होता. सहाव्या वर्षी येते ना, ती पहिली कायमची दाढ. दुधाची आहे, पडेल आपोआप, असं घरच्यांना वाटत राहिलं आणि दुर्लक्ष झालं. पुष्कळ घरांत अजूनही तसंच होतं. तालुक्याच्या गावी नेलं. इंजेक्शन दिलं आणि लगेच दाढ काढायला घेतली. मी ओरडले तर दोघांनी खांदे धरले, एकाने पाय. दाढ निघाली, पण त्या दिवशी माझ्या मनात एक वाक्य पक्कं बसलं: मला भूल चढत नाही. पुढची ३३ वर्षं मी ते वाक्य स्वतःच्या रक्तगटासारखं खरं मानून चालले.

दुसरी गोष्ट २००६ ची. मुलीच्या जन्मानंतर हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून धीर करून गेले. तोंड उघडल्या उघडल्या डॉक्टर म्हणाले, ‘शिकलेल्या ना तुम्ही? इतके दिवस काय करत होता?’ शेजारी त्यांची मदतनीस उभी होती, दारात पुढचा पेशंट. मी ‘पुन्हा येते’ म्हणून उठले, ती १६ वर्षं गेले नाही. खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं होतं. तुमच्या प्रश्नातही ‘डॉक्टर काय म्हणतील’ हेच आधी आलंय, ‘दुखेल का’ हे नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत उजवीकडच्या वरच्या दाढेला ठणका सुरू झाला. रात्री झोपलं की वाढायचा. लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या, गोळ्या घेतल्या. एका रात्री तर वेदनेची गोळीच कुटून हिरडीवर दाबून धरली आणि तिथली कातडी पांढरी पडून सोलली. हे कृपा करून करू नका. ॲस्पिरिनसारखी गोळी हिरडीवर ठेवली की ती जागा भाजल्यासारखी होते, दातावर तिचा उपयोग होत नाही. साधारण दहाव्या दिवशी ठणका एकदम थांबला. मला वाटलं, सुटले. माझी नणंद परिचारिका आहे. ती म्हणाली, ‘वहिनी, बरं वाटलं म्हणून खूश होऊ नका. आतली नस मेली असेल. आता काही काळ दुखणार नाही, पण जंतुसंसर्ग आत पसरत जाईल.’ तिचं म्हणणं अगदी खरं निघालं. तुमच्या तुटलेल्या दाढेला सध्या काहीच होत नसेल तर त्याचा अर्थ ती बरी आहे असा धरू नका, म्हणून हे सांगतेय.

मी तीनदा फोन लावला आणि तीनदा पलीकडून ‘हॅलो’ आल्यावर कट केला. मग नणंद म्हणाली, बोलवत नाही तर लिहा. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे, जसाच्या तसा देते:

‘नमस्कार डॉक्टर. मी ४४ वर्षांची आहे. १६ वर्षं दात दाखवलेले नाहीत. लहानपणी दाढ काढताना भूल लागली नव्हती, त्याची भीती अजून आहे. मागच्या वेळी खूप बोलणी बसली होती, म्हणून पुन्हा गेले नाही. पहिल्या दिवशी फक्त बोलायला आले तर चालेल का? काही उपचार करू नयेत.’

पाऊण तासाने उत्तर आलं: ‘या. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायचीही गरज नाही.’

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर जवळजवळ सगळं या मेसेजमध्ये आहे. किती वर्षं झाली, नेमकं कशाला घाबरता, आणि पहिल्या दिवशी काय करू नये, एवढं लिहून पाठवा. ज्यांचं उत्तर तुटक येईल किंवा येणारच नाही, त्यांच्याकडे जाऊ नका, दुसऱ्यांना पाठवा. दवाखान्यात पाऊल न टाकता तुम्हाला माणसाची पारख होते. आणि सगळ्यात अवघड वाक्य आधीच सांगून झालेलं असतं, तोंड उघडं असताना सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी मी साध्या खुर्चीत बसले, डॉक्टर समोर. वयाने माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. मी १९८९ ची हकीकत सांगितली. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: तेव्हा गाल सुजला होता का, आणि इंजेक्शननंतर किती वेळ थांबले होते? मग त्यांनी समजावलं. सूज आणि पू असतो तिथे आम्लता वाढते. अशा जागी भुलेचं औषध नसेच्या आत नीट शिरू शकत नाही, म्हणून ते कमी पडतं. त्यात थांबायलाही हवं तेवढं थांबले नव्हते. आज अशा वेळी आधी पूला वाट करून देतात, गरज असेल तर औषधं देऊन सूज उतरवतात, किंवा सुजलेल्या जागेपासून दूर, जिथून नस येते तिथे इंजेक्शन देतात. ‘ताई, तुम्हाला भूल चढत नाही असं नाहीये. त्या दिवशी त्या दाढेला चढली नव्हती.’

आम्ल आणि आम्लारी मी मुलांना लिटमसचे कागद देऊन शिकवते. माझ्याच जबड्यात ते घडलं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. तिथे बसल्या बसल्या मला रडू आलं. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि थांबून राहिल्या.

त्याच दिवशी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. त्यात दुखण्यासारखं काहीच नाही. उभं राहून एक छोटी दांडी दातात धरायची, यंत्र डोक्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटात काम होतं. हिशेब असा निघाला: पाच ठिकाणी कीड, त्यातल्या दोन दाढांना रूट कॅनाल (दाढेच्या आतली खराब नस काढून, ती जागा साफ करून भरणं), एक अक्कलदाढ काढायची, हिरड्या सगळीकडे सुजलेल्या. १९८९ साली काढलेल्या दाढेच्या जागी मागची दाढ पुढे कलली होती आणि वरची खाली उतरली होती. ऐकून धक्का बसला, पण मनात मी याहून कितीतरी वाईट चित्र रंगवलं होतं. सगळे दात जाणार, कवळी लागणार, असं धरून चालले होते.

क्रम त्यांनी सोप्याकडून अवघडाकडे लावला. आधी दात साफ करणं. आपल्याकडे म्हणतात की दात साफ केले की हलायला लागतात. मीही ते मानत होते. प्रत्यक्षात दातांवर दगडासारखं कीटण बसलेलं असतं, त्याच्या खाली हिरडी आणि हाड मागे सरकलेलं असतं. कीटण निघालं की आधीच झालेलं ते नुकसान जाणवतं, एवढंच. थोडे दिवस थंड लागलं की दात शिवशिवतात. वासाचं म्हणाल, तर माझा तोंडाचा वास मुख्यतः या कीटणाचा आणि हिरड्यांचा होता. दोन बैठकांनंतर तो गेला. तुमचाही त्यामुळे असू शकतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात हेही ऐकलं असेल. दाढेची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत, तसं काही होत नाही.

मग एक छोटं फिलिंग, खास भुलेची परीक्षा घ्यायला. सुई टोचण्याआधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावली. इंजेक्शननंतर छातीत धडधडेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भुलेच्या औषधात बहुधा थोडं ॲड्रेनलिन असतं, त्याने मिनिट-दोन मिनिटं ठोके वाढतात आणि आपोआप उतरतात. हे माहीत नसतं तर मी खुर्चीतून उठून पळाले असते. खालच्या दाढेची भूल होती, म्हणून अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. पूर्ण दहा मिनिटं थांबून त्यांनी टोकदार हत्याराने हिरडीवर टोचून विचारलं, ‘काही कळतंय?’ दाब कळत होता, दुखत नव्हतं. ३३ वर्षांनी मला तो फरक समजला.

आणि हाताची खूण. डावा हात वर केला की त्या लगेच हात मागे घेणार, असं ठरलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत मी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा काही दुखत नव्हतं. त्या खरंच थांबतात का एवढंच मला बघायचं होतं. दोन्ही वेळा थांबल्या, तिसऱ्यांदा हात वर करायची मला गरज वाटली नाही. लहानपणी तिघांनी धरून ठेवलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हटल्यावर समोरचा थांबतो याची खात्री हवी असते. माझी अर्धी भीती तिथे संपली.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. पहिल्या रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीनंतर बरं वाटलं, शाळेत परीक्षा सुरू होत्या, मी पुढची तारीख चुकवली. मग अजून एक. आत तात्पुरतं भरलेलं सिमेंट निघून गेलं, दाढ पुन्हा दूषित झाली आणि ते काम पहिल्यापासून करावं लागलं. घाबरणाऱ्या माणसाला तारीख चुकवायला कारण सहज सापडतं. म्हणून आता दवाखान्यातून निघताना मी पुढची तारीख घेते आणि नणंदेलाही कळवते.

बारीकसारीक गोष्टी: सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे दिवसभर धास्ती घेऊन बसावं लागत नाही. पोटभर नाश्ता करून जा. उपाशीपोटी आणि घाबरलेलं असलं की चक्कर येते. बीपी, साखर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. भूल उतरायला काही तास लागतात, तोवर जेवू नका, जीभ चावली जाते.

खर्चाची धास्ती असेल तर दंत महाविद्यालयांचा विचार करा. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण पैसे फार कमी लागतात.

एका गोष्टीत मात्र मेसेज लिहीत बसू नका. गाल किंवा जबड्याखाली सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. दाढेचा पू मानेत उतरला तर जिवावर बेततं.

तसं काही नसेल तर आज रात्री मेसेज लिहा. अर्धी तुटलेली दाढ म्हणजे गेलेलीच, असं धरू नका. मुळं आणि भोवतीचं हाड शाबूत असेल तर पुष्कळदा रूट कॅनाल करून वर कॅप बसवता येते, आणि ते एक्स-रेमध्येच कळतं. माझी वरची दाढ अशीच वाचली, आता मी उजवीकडूनही जेवते. मेसेजमध्ये दाढ कोणत्या बाजूची आहे आणि साधारण कधी तुटली, तेही लिहा.