सगळं लिहून दिलंय, तरी पान कोरं

दिवाळीची सुट्टी संपली की बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’च्या प्रकल्पवहीची घाई सुरू होते आणि पालकांची एक तक्रार ठरलेली असते, “सरांनी सगळं लिहून दिलंय हो, तरी हिच्या हातून ओळ उतरत नाही.” त्याच आठवड्यात दुसरे कुणीतरी नेमकं उलट सांगतात, “बाई काही सांगतच नाहीत. मनाने लिहा म्हणतात. पोरांनी लिहायचं काय?” शेवटी दोघं विचारतात ते एकच. सूचना भरपूर द्याव्यात, की मुलांना मोकळं सोडावं?

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, मालवणच्या आसपासच्या एका किनाऱ्यावरच्या बारावीतल्या मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

आई खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली. “सगळा लिवन दिल्यानी हा, मॅडम. तरी ह्या रात्री बारापर्यंत वही घेऊन बसता आणि सकाळी बघूक गेला तर पान कोरा.” आईचा संशय मोबाइलवर होता. मुलीने काही न बोलता प्लास्टिकच्या फोल्डरमधून सूचनापत्रक काढून टेबलावर ठेवलं. पाठपोट छापलेला एक कागद, त्यावर 26 सूचना. किमान 20 पानं. पानाच्या एकाच बाजूला लिहिणे. शीर्षक काळ्या शाईने, मजकूर निळ्या. डावीकडे दीड इंच समास. चित्रं किमान 10. प्रस्तावना एक पान, उद्दिष्टे 5, निष्कर्ष 5, उपाययोजना 5. स्पायरल बायंडिंग. मुखपृष्ठावर हजेरी क्रमांक उजव्या कोपऱ्यात.

पहिल्या काही सूचनांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा होत्या. मुखपृष्ठ तयार. ऋणनिर्देश तयार (तो सगळ्यांचाच तयार असतो, प्रकल्पात काय आहे हे ठरायच्या आधी त्यासाठी प्राचार्यांचे आभार मानून झालेले असतात). अनुक्रमणिकासुद्धा तयार, पानांच्या आकड्यांसकट.

“निष्कर्ष पान 17. हा आकडा कुठून आला गं?”

“मैत्रिणीच्या ताईच्या वहीतून.”

उद्दिष्टांच्या पानावर चार ओळी होत्या. ‘पर्यावरणाचे महत्त्व जाणून घेणे’, ‘प्रदूषणाचे दुष्परिणाम अभ्यासणे’ आणि त्याच चालीची आणखी दोन. पाचवा आकडा घालून पुढे जागा सोडलेली.

“पाचवं का अडलं?”

“पाचच पाहिजेत ना. चार चालत नाहीत.”

“चारच लिहिलीस तर?”

“गुण कापतील.”

“किती?”

तिने थोडा विचार केला. “एक.”

“आणि वही कोरीच राहिली तर किती?”

तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती (मनातले ‘असंच झालं पाहिजे’ हे हट्ट तपासून बदलायची पद्धत) मांडली, तिच्या वाटेने काम करणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. कागदावर लिहिलेलं असतं ‘उद्दिष्टे 5’, मुलगी वाचते ‘पाच नसतील तर मी नापास’. प्रत्येक सूचना तिला गुण कापायची जागा दिसत होती, आणि 26 सूचना म्हणजे चुकायच्या 26 संधी. अशा वेळी हुशार, नीटनेटकी, शब्दाला शब्द पाळणारी मुलं आधी अडकतात; वर्गातला बेफिकीर मुलगा मात्र पत्रक न वाचताच वही भरून मोकळा होतो. तेव्हा पहिलं काम भीती उतरवण्याचं. पण ‘घाबरू नकोस, तुला जमेल’ एवढं म्हणून पान भरत नाही, आणि बरंचसं समुपदेशन नेमकं तिथेच थांबतं. मला तिथे थांबणं कधीच पटलेलं नाही. भीती उतरल्यावर समोरचा कागद वाचायलाही शिकवावं लागतं.

पुढच्या भेटीत तेच पत्रक आणि दोन पेनं तिच्यापुढे ठेवली. लिहून झाल्यावरच करता येईल अशा सूचनेला लाल खूण, आज संध्याकाळी करता येईल अशा सूचनेला हिरवी. समास लाल, पानं लाल, चित्रं लाल. निष्कर्ष अर्थातच लाल. उद्दिष्टांपाशी ती घुटमळली. मग म्हणाली, “विषयच नीट ठरला नाही तर उद्दिष्टं कशी लिहिणार?” आणि तिथेही लाल खूण केली. हिरव्या खुणा झाल्या दोन : ‘परिसराला भेट द्या’ आणि ‘निरीक्षणे नोंदवा’.

ती त्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत राहिली. मग जरा चिडूनच म्हणाली, “मॅडम, पण काय बघायचं ते ह्यात कुठे लिहिलंच नाही!”

या एका वाक्यासाठी मी थांबून होते. हेच मी तिला सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा पाचवं उद्दिष्ट शोधत बसली असती. पत्रकात उणीव आहे, आपल्यात नाही, हे तिचं तिला दिसलं आणि तिचा आवाज बदलला. आठवडाभर ‘मला जमत नाही’ म्हणणारी मुलगी आता कागदावर रागावली होती. हा राग कामाचा असतो.

“तुमच्या घरातून समुद्रावर कोण जातं?”

“आजो. रापणीवर.”

“काय मिळतं हल्ली?”

“काय मिळतला? अर्धो कचरोच येता.”

इथपर्यंत ती माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होती. आजोबांचा विषय निघाल्याबरोबर मालवणीत आली आणि थांबेचना. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. एक दोर किनाऱ्यावर धरून होडी समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, दुसरा दोर पुढे किनाऱ्यावर आणून देते, आणि मग दोन्हीकडच्या माणसांच्या रांगा ते ओढतात. हे मला माहीत होतं. पण पावसाळ्यानंतरच्या रापणीत खाडीतून वाहून आलेल्या पिशव्या जास्त असतात, पेडव्यांसारखी बारीक मासळी वेष्टनांत अडकते म्हणून ती निवडायला बायकांचा वेळ जातो, आणि तुटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा रापणीत गुंतला तर आजोबांना तो पात्याने कापूनच काढावा लागतो, हे सगळं तिने सांगितलं. प्रकल्प तिच्या अंगणात पडलेला होता आणि ती ‘पर्यावरणाचे महत्त्व’ शोधत बसली होती.

त्या दिवशी आम्ही सूचना कमी केल्या नाहीत, उलट वाढवल्या. आधी ‘प्लास्टिक प्रदूषण’ हा विषय खोडून त्या जागी प्रश्न लिहिला : आमच्या किनाऱ्यावर रापणीत मासळीसोबत कोणता कचरा येतो, आणि तो वेगळा करायला किती वेळ लागतो? मग तिने स्वतःसाठी नियम घातले. नोंद प्रत्येक ओढीची वेगळी, दिवसाची एकत्र नाही. तारीख, वेळ, भरती की ओहोटी. कचऱ्याचे ढीग चार : जाळ्यांचे तुकडे व दोऱ्या, पिशव्या व वेष्टनं, बाटल्या व टणक प्लास्टिक, बाकीचं. वजन लगेच करायचं नाही. गोड्या पाण्यात खळबळून, दिवसभर वाळवून मग काट्याला लावायचं. ओल्या पिशवीत वाळू आणि पाणी इतकं असतं की पिशव्यांचा ढीग जाळ्यांपेक्षा जड भरतो आणि सगळा निष्कर्ष उलटा निघतो. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची, नाहीतर तुकडा बोटाएवढा की हाताएवढा ते कळत नाही. आणि ज्या दिवशी कचरा आला नाही, त्या दिवसाचीही नोंद करायची. मुलं नेमकी तीच गाळतात.

सूचना यासुद्धा होत्या, पण त्या तिला जागेवरून उठवणाऱ्या होत्या. वही कशी दिसावी हे सांगणारी सूचना आणि काम कसं करावं हे सांगणारी सूचना, यांची गल्लत होते म्हणून ‘जास्त की कमी’ हा वाद संपत नाही. पत्र लिहायला शिकवताना दिनांक, प्रति, विषय, महोदय हा साचा बारकाईने द्यावाच. तिथे रूप ठरलेलं असतं आणि ते आयतं मिळालं की मूल मजकुराकडे वळतं. प्रकल्पात, निबंधात रूप शेवटी येतं. तिथे आधी रूप सांगितलं की मूल रिकामी पेटी सजवत बसतं.

डोक्यात एका वेळी नव्या गोष्टी तीन-चारच मावतात. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी 1988पासून शिकताना डोक्यावर पडणाऱ्या या बोजाचा अभ्यास मांडला आहे. समास, शाई आणि पानांची संख्या यांनी ती जागा व्यापली तर विचाराला उरतं काय? म्हणून पत्रक द्यायचंच तर कागद मधोमध दुमडता येईल असं द्या. वरच्या अर्ध्यात चारच गोष्टी : प्रश्न, वाचणारा कोण, पहिलं काम काय, गुण कशाला किती. रूपाच्या सगळ्या सूचना खालच्या अर्ध्यात, आणि तो अर्धा मजकूर पूर्ण होईपर्यंत मागे दुमडलेला. गुणांची विभागणी मात्र वरच हवी. ती लपवली की मूल प्रत्येक सूचनेला सारखंच वजन देतं, आणि समासापायी निरीक्षणं राहून जातात.

नमुना द्यावा का, असंही विचारतात. द्यावा, पण दोन द्यावेत, आणि एकमेकांपासून अगदी वेगळे. एकच दिला की वर्गात त्याच्याच नकला येतात.

आता ‘मनाने लिहा’वाल्यांकडे वळते. दापोलीकडचा नववीतला एक मुलगा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाच्या चार ओळी लिहून थांबायचा. त्याला मोकळीक पुरेपूर होती, अडचणच ती होती. त्याला तीन बंधनं घातली : गोष्ट वीज गेल्यापासून वीज येईपर्यंतचीच, जागा घराची पडवी, आणि ‘पाऊस’ हा शब्द एकदाही वापरायचा नाही. त्याने दीड पान लिहिलं. कौलांवरचा आवाज, पागोळ्यांखाली लावलेली घमेली, आत आणून बांधलेलं वासरू. दहावीच्या पेपरात कथालेखनाला मुद्दे देतात ते उगाच नाही. नवशिक्याला कुंपण लागतं. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या संशोधकांनी 1976मध्ये शिकणाऱ्याला द्यायच्या आधाराबद्दल लिहिलं, त्या कल्पनेतला अर्धाच भाग शाळांपर्यंत पोचला : आधार द्या. जमायला लागलं की तो काढून घ्या, हा दुसरा भाग राहून गेला. पुढे 2003मध्ये स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नवशिक्याला मदत करणारी तपशीलवार सूचना जाणत्याला उलट अडथळा होते. म्हणून आठवीत दहा पायऱ्या सांगितल्या तर बारावीत चार पुरेत. आपल्याकडे होतं उलटं, इयत्ता वाढते तसं पत्रक लांबत जातं.

मुलीच्या लिखाणाचं सांगायचं राहिलं. नोंदी जमल्यावर तिला मी लिहायला सांगितलं नाही, बोलायला सांगितलं. फोनवर तीन-तीन मिनिटं, मालवणीत, जणू आजोबा ऐकतायत. मग ते ऐकत कागदावर उतरवायचं आणि त्यानंतर प्रमाण मराठीत आणायचं. निरीक्षणं आधी, मग निष्कर्ष, मग उद्दिष्टं, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पाचवं उद्दिष्ट आपोआप सापडलं : कचरा निवडण्यात जाणारा वेळ मोजणे. आधीची चार तिने स्वतःहून खोडली आणि नवी लिहिली. अनुक्रमणिकेचं पान फाडलं.

मजकूर 14 पानांत संपला आणि आई पुन्हा काळजीत. 20 पानांचं काय? शिक्षक अडून बसले तर वाद घालू नये. पाणी घालून प्रस्तावनाही लांबवू नये. किनाऱ्याचा हाताने काढलेला नकाशा एक पान, चार ढिगांचे फोटो दोन पानं, नोंदींचा तक्ता मोठ्या अक्षरात दोन पानं, आजोबांची मुलाखत प्रश्नोत्तरांसकट एक पान. झाली 20. बायंडिंगवाल्याकडे मात्र मुदतीच्या दोन दिवस आधी जावं. शेवटच्या दिवशी तिथे अख्खा वर्ग रांगेत असतो.